न घासण्याची नोकरी

दिवाळीच्या आधी आमच्या सांगलीच्या घरात एक छोटं युद्ध व्हायचं. माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी खाली उतरायची आणि आई मागच्या दारी चिंचेचा कोळ, मीठ आणि नारळाची शेंडी घेऊन बसायची. माझा हात लहान, म्हणून तांब्यांची आतली बाजू माझ्या वाट्याला. बोटाला एखादी चीर असली तर चिंच अशी झोंबायची की त्या दिवशी चिवडासुद्धा नको वाटायचा. शेवटी सगळी भांडी उन्हात ओळीनं मांडली की आई कमरेवर हात ठेवून म्हणायची, "आता आली दिवाळी."

अशा घरातली मुलगी पुढे जन्मभर धातू न घासण्याचा पगार घेईल, असं कुणी म्हटलं असतं तर आमच्या आळीनं त्याला वेड्यात काढलं असतं. आईला तर ते शेवटपर्यंत पटलं नाही.

केंब्रिजमधल्या एका म्युझियममध्ये मी ब्राँझच्या शिल्पांची कॉन्झर्वेटर होते. गेली काही वर्षं निवृत्त आहे. नोकरी लागली तेव्हा आईला फोन केला होता.

"म्हणजे दिवसभर करतेस काय?" तिनं विचारलं.

"ब्राँझच्या मूर्ती सांभाळते."

"घासतेस?"

"नाही गं, घासायच्या नसतात. त्यांचा काळपटपणा जपायचा असतो."

आईनं मला तेच पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग आई हळूच म्हणाली, "आणि ह्याचा ते पगार देतात?"

आता तुम्हालाही तोच प्रश्न पडला असेल, म्हणून धंद्याचं थोडं सांगते. ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथिल. ओतून बाहेर आलं की ते नव्या परातीसारखं लखलखतं. शिल्पकाराला ते तसं नको असतं, कारण चकाकीत आकार दिसत नाही, समोर उभ्या माणसाचं तोंडच दिसतं. म्हणून त्याला गॅसच्या ज्योतीनं शेक देत देत वरून रसायनं लावतात. मग त्यावर कुठे तपकिरी, कुठे काळसर, कुठे हिरवट थर चढतो. हा थर म्हणजे पॅटिना. त्यावर मेण लावायचं आणि पुढची शंभर वर्षं कुणालाही त्याच्या जवळ फडकं घेऊन जाऊ द्यायचं नाही, हे माझं काम. थोडक्यात, आई ज्याला कळकट म्हणायची, त्याला आम्ही पॅटिना म्हणतो.

माझ्या ताब्यात जी मंडळी होती, त्यात सगळ्यात मोठा मान एका फ्रेंच शिल्पकाराचा. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाही तर त्याचे चाहते संपादकांना पत्रं पाठवून भंडावून सोडतील. घरी आम्ही त्याला 'दाढीवाले' म्हणायचो, कारण फोटोत आधी दाढी दिसते आणि मग माणूस. वर्षातून एकदा मी कॉलेजच्या बागेतल्या, त्यानं केलेल्या पुतळ्याला कोमट पाण्यानं आणि सौम्य साबणानं अंघोळ घालून मेण लावायची. त्या दिवशी माझा नवरा डबा भरून देताना विचारायचा, "आज दाढीवाल्यांचं अभ्यंगस्नान वाटतं?"

दाढीवाल्यांची कहाणी मोठी मजेदार आहे. तरुणपणी पॅरिसच्या कलाशाळेनं त्याला प्रवेशपरीक्षेत एकदा नाही, दोनदा नाही, तीनदा नापास केलं. मग पोटासाठी बिचारा वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या इमारतींवर वेलबुट्ट्या आणि मुखवटे करत राहिला. पुढे त्यानं एका उभ्या पुरुषाचा पुतळा केला. तो इतका हुबेहूब झाला की समीक्षक म्हणाले, ह्यानं जिवंत माणसावर साचा चढवून ही चोरी केली आहे. म्हणजे आधी येत नाही म्हणून नापास आणि मग फारच येतं म्हणून चोर. हे कळल्यापासून कुठल्याही मुलाखतीत मला नाकारलं की मी दाढीवाल्यांची आठवण काढते आणि चहा टाकते.

आमच्या गॅलरीत शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची सॉफ्टवेअरमधली मुलं आईवडिलांना घेऊन यायची. मी मराठी बोलते हे कळलं की प्रश्न सुरू. सगळ्यात ठरलेला प्रश्न, "मॅडम, हा ओरिजिनल आहे ना? की कॉपी?" एका मुलानं तर वडिलांना पुतळ्याशेजारी उभं केलं, फोटो काढला आणि पाठवायच्या आधी माझ्याकडून खात्री करून घेतली. "म्हणजे बाबा ग्रुपवर टाकतील, मग कुणी म्हणायला नको की डुप्लिकेट आहे."

ह्याचं खरं उत्तर दिलं तर लोक नाराज होतात. शिल्पकार मातीत काम करतो. त्या मातीवरून प्लास्टर दुसराच माणूस घेतो. प्लास्टरवरून मेण, मेणावरून ब्राँझ ओतशाळेतले लोक करतात. ओतीव तुकड्याच्या कडा तासणारा वेगळा, रंग चढवणारा त्याहून वेगळा. एकाच मातीच्या अशा कितीतरी प्रती निघतात, आणि काही तर दाढीवाले वर गेल्यानंतर, कायद्यानं रीतसर निघाल्या आहेत. त्या सगळ्याच ओरिजिनल. त्यात दाढीवाल्यांनी स्वतः हात लावलेली एखादी असेल तर असेल. हे एवढं सांगितलं की त्या मुलाचे वडील म्हणाले, "म्हणजे मेड इन फ्रान्स आहे, एवढं नक्की ना?" मी म्हटलं, तेवढं नक्की.

बागेतल्या पुतळ्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं एक वेगळंच प्रकरण होतं. विद्यार्थी परीक्षेला जाताना तो अंगठा घासून जायचे. कुणी सुरू केलं कोण जाणे. बाकीचा माणूस काळपट तपकिरी आणि एक अंगठा पिवळाधमक, जणू पायात सोन्याचं जोडवं. मी रिपोर्ट दिला की सरफेस जातो आहे, अंगठ्याला पुन्हा रंग द्यावा. मग कमिटी बसली. कॉलेजच्या कमिट्या बसतात पण सहसा उठत नाहीत. ही मात्र उठली आणि निर्णय असा, की अंगठ्याची झीज हे नुकसान नसून परंपरा आहे, सबब तिला हात लावू नये. मी मेणाचा डबा घेऊन अंगठा सोडून बाकीच्या पुतळ्याला मेण लावलं आणि घरी आले. हा अंगठा लक्षात ठेवा. तो मला पुढे एका बाईनं सुनावला.

ती बाई म्हणजे लंडनमधल्या एजवेअरच्या सुमनवहिनी रेगे.

डॉक्टर रेगे कान-नाक-घशाचे मोठे सर्जन. आम्ही नवीन होतो तेव्हा त्यांच्या घरी दर दिवाळीला अर्धं महाराष्ट्र मंडळ लोटायचं. सुमनवहिनींच्या चकल्या अशा की विलायतेतल्या थंडीतसुद्धा त्या मऊ पडायची हिंमत करत नसत. आणि त्यांच्या हॉलमध्ये, शेकोटीच्या वरच्या फळीवर, एक ब्राँझचा हात होता. मनगटापर्यंतचा, बोटं थोडी मिटलेली, समोरच्याकडून काही घ्यायला निघालेला. दाढीवाल्यांचा. म्हणजे त्यांनी केलेला.

कन्सल्टंटची पोस्ट मिळाली तेव्हा डॉक्टरांनी तो एका घराच्या लिलावात घेतला होता. वहिनींना त्या वेळी वॉशिंग मशीन हवं होतं. हात घरी आला तेव्हा छान गडद तपकिरी होता. डॉक्टर रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसून तो नुसता बघायचे. सर्जनला हातांचं वेड असतंच. मग पहिली दिवाळी आली. डॉक्टर ड्यूटीवरून घरी आले तर हात फळीवर नवीन समईसारखा झळकत होता.

"मी ओरडलो," डॉक्टर ही गोष्ट दर वर्षी सांगायचे, "आय मीन, मी लिटरली ओरडलो. शेजारची बाई पोलिसांना फोन करणार होती. ही मला काय म्हणते? म्हणे, केवढा कळकट आणला होतात, आता बघा!"

"मग? खोटं आहे?" वहिनी स्वयंपाकघरातून विचारायच्या.

पुढच्या दिवाळीला पुन्हा चिंच. त्याच्या पुढच्या दिवाळीला पुन्हा. डॉक्टरांनी हात कपाटात लपवून पाहिला, हॉस्पिटलात नेऊन पाहिला, एकदा तर बँकेत ठेवायच्या गोष्टी केल्या. वहिनींनी तो दर वेळी शोधून घासला. मंडळात ह्या भांडणाचं कौतुक होतं. कुणीतरी त्याला 'हातघाई' असं नाव ठेवलं होतं. डॉक्टर हसायचे, पण त्यांना ते लागायचं. मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले होते, "शुभा, आयुष्यात एकच सुंदर गोष्ट विकत घेतली आणि हिनं तिचं भांडं केलं."

मी निवृत्त झाले त्या सुमाराला डॉक्टर ऐंशीला टेकले होते. त्यांच्या मनानं घेतलं होतं की हा हात आमच्या म्युझियमला द्यायचा. शेजारी पाटी असावी, 'डॉ. रेगे यांची भेट', बस, एवढी एकच इच्छा. एकुलती मुलगी केतकी क्रॉयडनला वकील. तिला हातात रस नव्हता, असं त्यांना वाटत होतं. म्युझियमच्या लोकांनी हात बघितला, चष्मे काढले, चष्मे लावले आणि कळवलं की वस्तू खरी आहे, पण सरफेस पूर्ण गेला आहे. मूळच्या जवळ जाणारा पॅटिना कुणी जाणकारानं पुन्हा चढवला, तर विचार करू.

जाणकार कोण, तर मी. डॉक्टरांनी फोन केला तेव्हा त्यांचा आवाज एखाद्या पेशंटसारखा झाला होता. "शुभा, होईल का गं? दिवाळीनंतर ते लोक न्यायला येतील. मी असेपर्यंत तो तिथे लागलेला बघायचाय."

मी तयार झाले. मागच्या बागेत माझी एक शेड आहे, तिथे हे काम केलं. गॅसच्या टॉर्चनं हात हळूहळू तापवायचा, ब्रशनं रसायन मारायचं, वाफ उठते, थांबायचं, पुन्हा तापवायचं. एका ठिकाणी जास्त शेक लागला तर डाग पडतो. डॉक्टर शेजारी स्टुलावर बसून ऑपरेशन थिएटरमध्ये बसल्यासारखे बघत होते आणि मधूनमधून मला सूचना देत होते, कारण सर्जनला दुसऱ्याच्या हातात हत्यार बघवत नाही. वहिनी आल्या होत्या, पण घरात बसून माझ्या नवऱ्याशी गप्पा मारत होत्या. शेडमध्ये त्यांनी पाऊल टाकलं नाही.

तापवताना मला एक गोष्ट दिसली. चाळीसएक वर्षं चिंचेनं घासून त्या हाताची नखं पुसट झाली होती, बोटांच्या पेरांवरच्या रेषा गेल्या होत्या. आणि एका जागी, मनगटाच्या आतल्या बाजूला, थोडासा खळगा पडला होता. घासताना दुसऱ्या हाताचा अंगठा तिथे रुतवून धरत असणार. ते रंगानं झाकणं शक्य नव्हतं. मी डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "बघ ना, केवढं डॅमेज करून ठेवलंय."

संध्याकाळी तो तपकिरी, शांत, मेण लावलेला हात टेबलावर ठेवला. मला स्वतःलाच तो फार आवडला, खोटं कशाला सांगू. डॉक्टरांचे डोळे भरून आले. वहिनींनी लांबूनच बघितलं.

"भाजल्यासारखा दिसतोय," त्या म्हणाल्या.

जेवताना मी विषय बदलायचा म्हणून दाढीवाल्यांच्या गोष्टी काढल्या. म्हटलं, हे हात-पाय त्यानं स्वतःच केले असतील असंही नाही. त्याची एक शिष्या होती, स्वतः मोठी शिल्पकार. त्याच्या पुतळ्यांचे हात-पाय करायचं काम तिच्याकडे असायचं.

"मग नाव कुणाचं?" वहिनींनी विचारलं.

"त्याचं."

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "लाडू मी वळते आणि लोक म्हणतात, डॉक्टरांकडचे लाडू."

मग मी त्याच्या आयुष्यातल्या दुसऱ्या एका बाईची गोष्ट सांगितली. तरुणपणी भेटलेली एक शिवणकाम करणारी मुलगी. ती जन्मभर त्याच्याजवळ राहिली. तो बाहेर असला की त्याच्या मातीच्या पुतळ्यांवर ओली फडकी घालून माती सुकू न देण्याचं काम तिचं. माती सुकली की तडकते, मग सगळं फुकट. त्यानं तिच्याशी लग्न केलं ते दोघं सत्तरी ओलांडल्यावर. लग्नानंतर थोड्याच दिवसांत ती गेली.

वहिनी चमच्यानं भात सारखा करत होत्या. "घाईच केली म्हणायची," त्या म्हणाल्या. डॉक्टर मनापासून हसले. जाताना मी वहिनींचे दोन्ही हात धरून विनवलं, "वहिनी, ह्या दिवाळीला तेवढं नाही हं."

"नाही म्हटलं ना."

मला वाटतं, त्या क्षणी त्यांना खरंच तसं म्हणायचं होतं.

धनत्रयोदशीला फोन आला. "घासला," डॉक्टर एवढंच म्हणाले. मी म्युझियमला कळवलं, त्यांनी सभ्य शब्दांत खेद व्यक्त केला आणि फाइल बंद केली. पाटी गेली. मी एवढी संतापले होते की भाऊबीज होताच ट्रेननं एजवेअरला गेले. डॉक्टर वरच्या खोलीतून खाली आलेच नाहीत. वहिनी एकट्याच बसल्या होत्या. फळीवर हात झळकत होता.

"वहिनी, असं का केलंत? मी एवढी खपले. डॉक्टरांची एकच इच्छा होती. ते असं नासवायचं नसतं हो, ते डॅमेज असतं!"

"तुझ्या त्या बागेतल्या बुवाचा अंगठा?" त्या म्हणाल्या. "तूच सांगितलं होतंस ना मंडळात? पोरं घासतात तर ती म्हणे परंपरा. मी घासलं तर डॅमेज?"

हा प्रश्न खरं तर त्या कमिटीला विचारायला हवा होता. मी कोट काढून बसले.

मग त्या म्हणाल्या, "रागावू नको. सांगते. ह्या देशात आलो तेव्हा दोन सूटकेसा. विमानात वजन चालत नाही म्हणून सासूबाईंनी दिलेलं तांब्यापितळेचं सगळं तिथेच राहिलं. इथे सगळं काचेचं आणि स्टीलचं. हे दिवसरात्र हॉस्पिटलात. बाहेर चारला अंधार. दिवाळी आली, मी चिंच भिजत घातली, सवयीनं गं, आणि मग लक्षात आलं की घरात घासायला काहीच नाहीये. घरभर हिंडले. हा एक होता. घासला, पुसला, इथे ठेवला, समोर पणती लावली. तेव्हा मला वाटलं की आता दिवाळी आली. मग दर वर्षी तसंच." त्यांनी पदरानं फळीवरची नसलेली धूळ पुसली. "ह्या वेळी नाहीच घासणार होते. चिंच भिजवलीसुद्धा नव्हती. पण तो तिकडे काचेत गेल्यावर त्याला घासणार कोण, असं आलं मनात."

"हे डॉक्टरांना कधी सांगितलंत?"

"ह्यांनी कधी विचारलं? ओरडले तेवढे."

मी त्यांच्यासाठी चहा केला. निघताना वरच्या खोलीकडे बघून वाटलं, जिना चढून हे सगळं डॉक्टरांना सांगावं. पण नवरा-बायकोच्या मध्ये पडू नये, असं आमच्या पिढीचं एक सोयीस्कर तत्त्व आहे. मी ट्रेन पकडली.

पुढच्या उन्हाळ्यात सुमनवहिनी गेल्या. झोपेतच गेल्या, कुणाला त्रास न देता. प्रार्थनेच्या हॉलमध्ये डॉक्टर पहिल्या रांगेत ताठ बसून होते. लोक येऊन चकल्यांच्या आठवणी काढत होते आणि ते प्रत्येकाला 'थँक यू फॉर कमिंग' म्हणत होते.

त्यानंतरच्या दिवाळीआधी मला केतकीचा फोन आला.

"शुभामावशी, तू येशील का प्लीज? बाबा ना, नीट जेवत पण नाही. आणि आईची हात काळी झाली."

क्षणभर कुठला हात, कुणाचा हात, काही उमजेना. इथे वाढलेल्या मुलांचं मराठी असंच असतं, लिंग कुठल्या कुठे जातं. मग लक्षात आलं. घासणारं कुणी नसल्यावर वर्षभरात हवेनं आपलं काम केलं होतं. मेण नाही, काही नाही, उघडं ब्राँझ. ते तपकिरी पडणारच.

मला वाटलं, डॉक्टरांना आता ते म्युझियमचं पुन्हा करायचं असेल. म्हणून मी पिशवीत मेण, ब्रश, मऊ फडकी असं सगळं घेऊन गेले. डॉक्टरांनी स्वतः दार उघडलं. घरात तळणाचा वास नव्हता, आणि दिवाळीत त्या घरात तो नसणं हे काही केल्या सहन होईना. हात फळीवर होता. छान पडला होता रंग. असमान, ऊबदार, मनगटाशी जरा गडद. टॉर्चनं मला कधीच इतका चांगला जमला नसता.

"सुरेख झालाय, डॉक्टर," मी म्हटलं. "आता नुसतं मेण लावलं की झालं. म्युझियमशी मी बोलते."

"बाबा, तुम्हाला हवी होती तशीच झाली ना ती?" केतकी म्हणाली.

"तसाच झाला ना तो," डॉक्टरांनी सवयीनं दुरुस्त केलं. मग खुर्चीत बसले. "हो. अगदी मला हवा होता तसाच झालाय. चाळीस वर्षं मी ह्याची वाट बघितली. रोज बघतोय, थोडा थोडा काळा पडताना. शुभा, एकेक दिवस ती पुसली जातेय गं."

मी पिशवी खाली ठेवली.

"मी काल ट्राय केलं," ते म्हणाले. "लिंबू लावलं. काही होईना. इंडियन शॉपमधून चिंच आणली तर ती पेस्ट निघाली, बाटलीतली. किती घ्यायची, मीठ कधी घालायचं, मला काहीच माहीत नाही. तिला कधी विचारलंच नाही मी. तू मला दाखव."

"डॉक्टर, हे माझ्या धंद्याच्या दृष्टीनं..." मी सुरुवात केली आणि तिथेच थांबले. मग मला वहिनींनी पदरानं फळी पुसताना सांगितलेलं सगळं आठवलं. त्या पहिल्या दिवाळीला घरात घासायला काही नसल्याचं, समोर लावलेल्या पणतीचं. जे जिना चढून सांगायला हवं होतं, ते मी आता त्यांच्या हॉलमध्ये उभं राहून सांगितलं.  केतकी आम्हा दोघांना पाठ करून खिडकीतून बाहेर बघत राहिली.

"वॉशिंग मशीन," डॉक्टर म्हणाले. "मी सगळ्यांना सांगायचो की हिला वॉशिंग मशीन हवं होतं."

बाटलीतली चिंचही शेवटी चिंचच. स्वयंपाकघरात जाऊन मी ती वाटीत काढली, जाड मीठ घातलं. सिंक रिकामं केलं. डॉक्टरांनी बाह्या वर केल्या आणि इतकी वर्षं ऑपरेशनला जाण्याआधी धुवायचे तसे कोपरापर्यंत हात धुतले. मग हॉलमधून तो ब्राँझचा हात उचलून आणला. मला वाटतं, कालचा दिवस सोडला तर त्यांनी तो असा उघड्या हातांनी कधीच उचलला नसावा. लपवायला नेतानाही फडक्यात गुंडाळून न्यायचे, एरवी नुसते बघायचे, हात लावायचे नाहीत. जाणकार लोक लावत नाहीत.

"कसा धरू?"

"डाव्या हातात घ्या. घट्ट. नाहीतर निसटतो. अंगठा मनगटाच्या आतल्या बाजूला, तिथे एक खळगा आहे बघा."

त्यांनी अंगठा चाचपडत फिरवला आणि तो त्या खळग्यात जाऊन बसला. डॉक्टरांचा अंगठा मोठा होता, खळगा लहान. तरी बसला. ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग त्यांनी चिंच घेतली आणि घासायला सुरुवात केली. आधी बोटांची टोकं, मग पेरं, मग तळवा. तपकिरी पाणी सिंकमधून वाहत गेलं. माझ्या सगळ्या शिक्षणाच्या, सगळ्या नोकरीच्या दृष्टीनं जे कधीही होऊ द्यायचं नसतं, ते माझ्यासमोर होत होतं, आणि मी शेजारी उभी राहून अजून थोडं मीठ देत होते.

"झोंबतंय," डॉक्टर म्हणाले.

"झोंबतंच."

हात चकाकायला लागला. आधी करंगळी, मग पालथी बाजू. केतकीनं पणतीत तेल घातलं. "बाबा, बास. झाली की चकचकीत," ती म्हणाली. ह्या वेळी डॉक्टरांनी तिचं व्याकरण दुरुस्त केलं नाही. हात कधीच लखलखीत झाला होता, तरी ते तो दोन्ही हातांत धरून घासतच होते. मी नळ बंद करायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

"किती वेळ घासायचं असतं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

मी म्हटलं, "अजून थोडं."